स्कोअरचा स्क्रीनशॉट नको, पूर्ण रिपोर्ट आणा

घरकर्ज, मशिनरीचं कर्ज किंवा सीसी लिमिट (धंद्यासाठी बँकेतून लागेल तशी उचलायची रक्कम) यांसाठी आमच्या रिटर्न भरून देणाऱ्या ऑफिसात येणाऱ्या बहुतेकांच्या फोनमध्ये आता क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, फुकट दाखवणारं एखादं अ‍ॅप असतंच. चांगलंच आहे. पण रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर स्कोअरच्या हिरव्या काट्याचा फोटो येतो, खाली प्रश्न असतो, '७७० आहे, काम होईल न्हवं?' त्यावर आम्ही 'पूर्ण क्रेडिट रिपोर्टची पीडीएफ पाठवा' म्हटलं की काहीजण नाराज होतात. हे पत्रक त्यासाठीच छापलंय.

स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो आणि ७७० हा चांगलाच म्हणायचा. पण बँकेतले साहेब तेवढ्यावर थांबत नाहीत, ते रिपोर्टची आतली पानं उलटतात. नेमकी ती पानं स्क्रीनशॉटमध्ये नसतात. मग फाईल बँकेत गेल्यावर खोट निघते, परत येते, आणि तुमचे दोन आठवडे आणि आमचेही तेवढेच वाया जातात.

आत काय निघतं? उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपवाल्याचा स्वतःचा एक हप्ता चुकलेला नसतो, पण मेव्हण्याच्या टेम्पोला तो जामीन असतो आणि टेम्पोचे हप्ते थकलेले असतात. जामीनदार म्हणून ते कर्ज त्याच्याही रिपोर्टात येतं. 'नुसती सही केली होती हो' असं म्हणणारा आपल्याकडं घरटी एक सापडेल. कुणी सोनेतारण फेडून दागिने घरी आणलेले असतात, पण रिपोर्टात ते कर्ज अजून चालूच. क्रेडिट कार्डाची थकबाकी कमी पैशांत मिटवली की माणूस खूश होतो, तिथं मात्र 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लिहिलं जातं आणि बँकेला तो शब्द आवडत नाही. शिवाय पाटील आणि जाधवांची आपल्याकडं वानवा नाही. नाव आणि जन्मतारीख जुळली की दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर चिकटल्याचंही दिसतं.

रिपोर्ट हातात आला की आधी महिन्यांचे चौकोन बघा. प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस लांबला ते असतं. ००० किंवा एसटीडी म्हणजे ठीक. ०३० दिसलं तर त्या महिन्यात तीस दिवस उशीर. एक्सएक्सएक्स म्हणजे बँकेनं त्या महिन्याची माहितीच दिलेली नाही.

रिपोर्टला पैसे लागत नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा कर्जांच्या नोंदी ठेवून रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. म्हणजे एका वर्षात चार रिपोर्ट. ते एकदम न काढता तीन-तीन महिन्यांनी एकेक काढला तर वर्षभर नजर राहते. कंपनीच्या साईटवर पैसे भरायच्या योजना आधी डोळ्यांत भरतील, फुकट वार्षिक रिपोर्टचा दुवा जरा शोधावा लागतो.

आता नेहमीचा प्रश्न: अ‍ॅपमध्ये एक आकडा, बँकेत दुसरा, खरा कुठला? दोन्ही खरे. अ‍ॅप एका कंपनीचा स्कोअर दाखवतं, बँक बहुधा दुसरीचा बघते. हिशेबाची रीत वेगळी आणि माहिती ताजी झाल्याची तारीखही वेगळी. पाच-पंचवीस गुणांच्या फरकानं झोप उडवून घेऊ नका. पतसंस्थेचं किंवा गावच्या सोसायटीचं कर्ज मात्र यात दिसेलच असं नाही, ते आम्हाला तोंडी सांगा.

स्वतःचा स्कोअर बघितल्यानं तो कमी होत नाही, रोज बघा. कमी होतो तो त्याच पानावरच्या 'तुमच्यासाठी मंजूर ऑफर' वर बोट ठेवून अर्ज केल्यानं. अ‍ॅप फुकट आहे ते याच ऑफरींच्या जिवावर. अर्ज गेला की फायनान्स कंपनी तुमचा रिपोर्ट मागवते आणि ती चौकशी त्यात नोंदली जाते. अशा सात-आठ चौकशा एका महिन्यात दिसल्या तर सकाळपासून गल्लीतल्या दहा घरांत उसनं मागत फिरणाऱ्या माणसाकडं लोक जसं बघतात, तसं बँक बघते. घरकर्जाचा विचार असेल तर आधीचे सहा महिने ऑफरींना हात लावू नका, फुकटात मिळतोय म्हणून मोबाईलही हप्त्यावर घेऊ नका.

ऊसवाल्यांसाठी एक गोष्ट. 'उसाचं बिल आलं की भरू' हे दर महिन्याच्या हप्त्याला चालत नाही. ट्रॅक्टरचं कर्ज घेतानाच सहामाही हप्ता मागून घ्या, बऱ्याच फायनान्स कंपन्या देतात. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना रिपोर्ट देणाऱ्या कंपन्यांकडं निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळं चुकलेला हप्ता पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. भरलेलंही लवकर दिसतं.

नोंद चुकीची असेल तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साईटवर तक्रार करता येते, त्यालाही पैसे नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. हे सगळं तुम्ही घरी बसून करू शकता. बँकेचं नो ड्यूज (कर्ज फिटल्याचं) पत्र, जुने उतारे आणि पत्रव्यवहार जुळवणं ज्यांना जमत नाही त्यांचं आम्ही करतो, त्याची फी घेतो, आणि ती आधी सांगतो.

'आठ दिवसांत स्कोअर वाढवून देतो' असे फलक शहरात दिसतात. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. आम्हीही पुसत नाही, म्हणून आमच्याकडं तसा फलक नाही. तुमचा ओटीपी आम्ही फोनवर मागत नाही आणि रिपोर्ट आमच्या मोबाईलवर काढत नाही. ऑफिसात येऊन तुमच्याच फोनवर काढू. याला वेळ लागतो अशी तक्रार येते, पण पद्धत हीच राहील.

ज्यांचं रिटर्न आमच्याकडं भरलं जातं त्यांचा रिपोर्ट वर्षातून एकदा आम्ही फी न घेता वाचून देतो. येताना पीडीएफ, चालू कर्जांचे उतारे आणि कुणाकुणाला जामीन आहात त्याची यादी आणा. यादी करताना घरच्यांना विचारा.