रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस: अटक कोण करतो, तपास कोणाचा?

फलाटावरील प्रत्येक खाकी गणवेशधाऱ्याला प्रवासी ‘रेल्वे पोलीस’ समजतात; पण त्यांतील काही जण केंद्राच्या रेल्वे सुरक्षा दलाचे (आरपीएफ), तर काही राज्याच्या लोहमार्ग पोलिसांचे (जीआरपी) असतात आणि त्यांचे कायदेशीर अधिकार मुळातच वेगळे आहेत.

लोहमार्ग पोलिसांबद्दल फारसे सांगायला नको. ते राज्य पोलीस दलाचाच भाग असल्याने गाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत चोरी, मारहाण, विनयभंग वा खून घडल्यास गुन्हा नोंदवून तपास करणे आणि न्यायालयात दोषारोपपत्र ठेवणे हे त्यांचेच काम असते.

आरपीएफचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 1957 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या दलाला 1985 च्या दुरुस्तीने संघराज्याच्या सशस्त्र दलाचा दर्जा मिळाला. मूळ जबाबदारी रेल्वेच्या मालमत्तेपुरती होती. प्रवाशांच्या सुरक्षेचे कर्तव्य 2003 च्या दुरुस्तीने आले. 1957 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार जवान वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, मात्र कलम 14 नुसार त्या व्यक्तीला विनाविलंब पोलिसांच्या हवाली करावे लागते. विनाकारण साखळी ओढणे, महिलांच्या डब्यात शिरणे, रूळ ओलांडणे अशा रेल्वे कायद्यातील गुन्ह्यांची चौकशी आरपीएफ स्वतः करते; गाडी उलथवण्याचा प्रयत्न हा मात्र त्याच कायद्यातील गुन्हा असूनही पोलिसांकडे जातो.

खरी मेख 1966 च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यात आहे. या कायद्याखालील चौकशीत आरपीएफ अधिकाऱ्याला ठाणे अंमलदाराचे अधिकार मिळतात, परंतु तो दोषारोपपत्र ठेवू शकत नाही, न्यायालयात तक्रारच दाखल करतो. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ‘बालकिशन देविदयाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात असा अधिकारी ‘पोलीस अधिकारी’ नसल्याचे ठरवले. परिणामी पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यातून वगळणारी तरतूद (तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम 25, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 23) त्याला लागू होत नाही. तर्कदृष्ट्या हा निकाल सुसंगत आहे; तरीही वॉरंटाशिवाय पकडू शकणाऱ्या गणवेशधाऱ्यापुढे बसलेल्या माणसावरचे दडपण पोलीस ठाण्यातल्यापेक्षा कमी असेल, असे मानणे मला अवघड वाटते.

गंभीर गुन्ह्यात तपास कोणाचा, हे जुलै 2023 मध्ये ठळकपणे दिसले. जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये आरपीएफच्या एका जवानाच्या गोळीबारात त्याच्या वरिष्ठासह चार जणांचा मृत्यू झाला, तेव्हा गुन्हा बोरिवली लोहमार्ग पोलीस ठाण्यात नोंदवला गेला.

मोबाइल चोरीला गेल्यास आरपीएफचा जवान चोराला जागेवर पकडू शकतो, 139 या मदत क्रमांकावर कळवताही येते. पण गुन्हा नोंदवण्यासाठी लोहमार्ग पोलीस ठाणेच गाठावे. गाडी पुढे गेली असेल तर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने तक्रार नोंदवता येते आणि ती घटनास्थळाच्या ठाण्याकडे वर्ग होते.