जाम झालेला हँडब्रेक आणि तेलाचा गैरसमज

हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे मागचे चाक हलेनासे झाले, की ब्रेकच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, रॉकेल सोडावे, असा सल्ला दिला जातो. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. पावसाळी ओलाव्याने ड्रमच्या आत गंज चढतो आणि ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमवर आतून घासून चाक थांबवणारा थर, त्याला चिकटते. रॉकेल त्या लायनरमध्ये मुरते; चाक कदाचित सुटेलही, पण ब्रेक नीट लागणार नाही आणि मग लायनर बदलावेच लागेल. त्याऐवजी पुढच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून, ड्रमवर लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यावेत. लायनर सुटताना बहुधा ‘टक्’ असा आवाज येतो. इंजिनाच्या जोरावर गाडी मात्र रेटू नये, कारण त्याने लायनर शूवरून, म्हणजे ते ज्या धातूच्या वक्र पट्टीवर बसवलेले असते तिच्यावरून, उखडू शकते. इतके करूनही चाक न सुटल्यास मेकॅनिककडून ड्रम उघडून घ्यावा.