ईसीआर पासपोर्ट : दहावीच्या दाखल्याला बांधलेल्या शिक्क्याची पार्श्वभूमी

दुबई, मस्कत, बँकॉक किंवा क्वालालंपूरचे तिकीट काढायला गेलात की ट्रॅव्हल एजंट पासपोर्टाच्या पहिल्या पानाबरोबर शेवटच्या पानाचीही झेरॉक्स मागतो. पत्ता आणि आईवडिलांची नावे त्याला बघायची नसतात. ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) ही तीन अक्षरे कुठे छापलेली आहेत का, एवढेच तो बघतो. गंमत म्हणून नव्हे, तर नेमके समजावे म्हणून सांगायला हवे, की ही अट त्या देशांनी घातलेली नाही. व्हिसा हातात असतानाही भारतीय नागरिकाला भारताच्याच विमानतळावर थांबवू शकणारी ही आपली स्वतःची अट आहे. नोकरीसाठी अठरा देशांपैकी एखाद्या देशात जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारकाला सरकारची आगाऊ मंजुरी लागते. आखातातले सहाही देश त्या यादीत आहेत, शिवाय मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, जॉर्डन, लेबनॉन, इराक, येमेन, लिबिया, सुदान आणि आणखी काही.

या तपासणीचे मूळ पासपोर्टाच्या कायद्यात नाही, ते मजुरांच्या गलबतांपाशी आहे. १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. १८३७ च्या कायद्याने मजूर आणि त्याला नेणारा दलाल या दोघांनी अधिकाऱ्यापुढे उभे राहून कराराच्या अटी नोंदवाव्यात असे ठरवले. फसवणुकीच्या तक्रारी इतक्या आल्या, की १८३९ मध्ये ही वाहतूकच बंद झाली. मळेवाल्यांच्या दबावाखाली १८४२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुले झाले. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, त्याचे पूर्वज याच वाटेने गेले. मजुरांच्या रवानगीवर देखरेख करणाऱ्या ‘संरक्षक’ अधिकाऱ्याचे पद त्याच शतकातले. ते आजही त्याच नावाने चालू आहे, आणि एजंट लोक त्याला ‘पीओई’ (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स) म्हणतात. १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात एका मराठी सभासदाने ही पद्धत मुळातूनच बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, पण पाच वर्षांत मजूरभरती थांबली. १९२२ च्या कायद्याने मग अकुशल मजुरांना परदेशी नेण्यावर सरकारी परवानगीचे बंधन घातले.

पासपोर्टाची गोष्ट वेगळ्या रुळावरून चालली होती. स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षे पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले. त्यामुळे घाईने पासपोर्टाचा कायदा करावा लागला. या कायद्यात शिक्षणाची अट कुठेही नाही. चौथी शिकलेल्याला आणि डॉक्टरला एकाच अधिकाराने पासपोर्ट मिळतो. पुढचा घोळ समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे लागते.

१९७३ नंतर तेलाचा भाव वाढला आणि आखातात रस्ते, बंदरे, वसाहती उभ्या राहू लागल्या. कामगारांची मोठी भरती मुंबईत होत होती. केरळ, आंध्र, उत्तर प्रदेशातून आलेली मुले दक्षिण मुंबईतल्या एजंटांच्या कचेऱ्यांबाहेर आणि लॉजमध्ये महिनोन्‌महिने काढत. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी गावांत आणि गोव्यात एका पिढीचे घर आखाताच्या पगारावर उभे राहिले. खोट्या व्हिसांचा, न मिळालेल्या पगाराचा आणि मालकाने काढून घेतलेल्या पासपोर्टाचा इतिहासही याच काळातला. १९२२ चा कायदा मळ्यांवरच्या मजुरांसाठी होता. गवंडी, फिटर, ड्रायव्हर यांच्या खाजगी भरतीला तो पुरा पडणारा नव्हता. त्यातून १९८३ चा कायदा आला. भरती करणाऱ्या एजंटाला परवाना आणि अनामत सक्तीची झाली, आणि कलम २२ ने नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्याला ‘संरक्षका’ची मंजुरी बंधनकारक केली.

या कायद्याचा मजकूर काळजीपूर्वक वाचला तर एक गोष्ट ठळक दिसते. तो कामाबद्दल बोलतो. कोणती कामे मंजुरीच्या कक्षेत येतात याची यादी त्यात आहे : अकुशल मजुरी, घरकाम, हॉटेलातली नोकरी, ट्रक किंवा अन्य वाहन चालवणे, मेकॅनिक, कारागीर, टायपिस्ट, सेल्समन, नर्स. माणूस किती शिकला, हा प्रश्न त्या यादीत नाही. शिक्षण शिरले ते सूट देताना. ज्यांना मंजुरीची गरज नाही अशांचे गट ठरवले गेले. आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले, तीन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेले, खलाशाचे कागद असलेले, अठरा वर्षांखालची मुले, आणि शिकलेले. शिक्षणाची पायरी वरून खाली येत येत दहावीवर स्थिरावली. बाकीच्या गटांत मोडणारी माणसे तुलनेने थोडी. त्यामुळे सामान्य माणसाच्या लेखी सगळा नियम एका ओळीत आटला : दहावी पास असाल तर ईसीएनआर (एमिग्रेशन चेक नॉट रिक्वायर्ड, म्हणजे तपासणी नको), नाहीतर ईसीआर.

माझ्या मते खरी चूक इथे झाली. धोका कामात, करारात आणि दलालात होता. खूण मात्र माणसावर पडली, आणि तीही त्याने नोकरीचा विचारही केलेला नसताना, पासपोर्ट काढतानाच. वीस वर्षे प्लास्टरचे काम केलेला, चारचौघांना कामाला लावणारा मिस्त्री नववी नापास म्हणून ईसीआर. बारावी झालेला, कधी घराबाहेर न पडलेला मुलगा सफाईच्या कामावर रियाधला निघाला तर त्याचा करार कोणी बघत नाही, कारण तो ईसीएनआर. यांतला फसण्याचा संभव कोणाला अधिक, हे आखातात राहून आलेल्या कुणालाही विचारावे.

खुणेची पद्धतही मध्येच उलटली. जुन्या पासपोर्टांत सूट मिळालेल्याला ‘ईसीएनआर’चा रबरी शिक्का मारून घ्यावा लागे, आणि शिक्का नसणे म्हणजे तपासणी आवश्यक. जानेवारी २००७ पासून निघालेल्या पासपोर्टांत याच्या नेमके उलट झाले : ज्याला तपासणी लागू, त्याच्याच पासपोर्टात ‘ईसीआर’ छापायचे, बाकीच्यांचे पान कोरे. कोरे पान दोन काळांत दोन विरुद्ध अर्थ सांगू लागले. संक्रमणाच्या वर्षांत काउंटरवर किती वादावादी झाली असेल याची कल्पना यावरून यावी. आता अर्जात ‘नॉन-ईसीआर’ हा तिसरा शब्द वापरतात. तो आणि ‘ईसीएनआर’ एकच.

त्याच वर्षी, १ ऑक्टोबर २००७ पासून, दुसरा एक जाच संपला. तोवर ईसीआर पासपोर्टवर नुसते फिरायला किंवा लेकीकडे बाळंतपणाला दुबईला जायचे म्हटले तरी तेवढ्यापुरती तपासणीला स्थगिती, म्हणजे ‘सस्पेन्शन’, घ्यावी लागे. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी रांग, आणि अर्थातच वेगळे दलाल. ते रद्द झाले. आता पर्यटनासाठी किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्या ईसीआर धारकाला वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट पुरते. प्रत्यक्षात इमिग्रेशनच्या खिडकीवर त्याला इतरांपेक्षा जास्त प्रश्न विचारले जातात : हॉटेल कुठले, पैसे किती, तिकडे कोण आहे. समाधान झाले नाही तर ‘ऑफलोड’, म्हणजे विमानात चढूच द्यायचे नाही. या कडकपणामागे कारण आहे. व्हिजिट व्हिसावर माणूस पाठवून तिकडे तो व्हिसा कामाचा करून घ्यायचा, ही एजंटांची जुनी चाल. विमानतळावरच्या संगनमताने माणूस पार करण्याला धंद्यातले लोक ‘पुशिंग’ म्हणतात. तरीही पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या, हिंदी-इंग्रजी नीट न येणाऱ्या आईने त्या खिडकीवर काय सोसायचे, याचा विचार नियम करणाऱ्यांनी क्वचितच केला आहे.

मग आला २०१८ चा जानेवारी. १२ तारखेला दोन निर्णय एकत्र जाहीर झाले. पहिला असा, की पासपोर्टाचे शेवटचे पान छापायचे नाही. त्या पानावर आई, वडील, पती किंवा पत्नी यांची नावे आणि पत्ता असतो. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांना वडिलांच्या नावाची सक्ती नको, ही मागणी त्यामागे होती आणि ती रास्त होती. पण त्याच पानावर ईसीआरची नोंदही असे. पान गेले तर नोंद कुठे करायची? त्याचे उत्तर दुसऱ्या निर्णयात होते : ईसीआर पासपोर्टाला नारिंगी वेष्टन, बाकीच्यांना नेहमीचे निळे.

समर्थनार्थ जे सांगितले गेले ते मांडायला हवे. वेगळा रंग दिसला की अधिकाऱ्याचे लक्ष जाईल, तपासणी लवकर होईल, फसवणूक झालेल्या कामगाराला मदत करणे सोपे जाईल. नोंद आधीपासून आहेच, फक्त तिची जागा बदलते, असाही युक्तिवाद होता. तो पटणारा नाही. आतल्या पानावरची नोंद अधिकारी उघडून बघतो. वेष्टनाचा रंग रांगेतला प्रत्येक जण बघतो, दुकानदार बघतो, मालक बघतो. परदेशी भूमीवर उतरताच हा माणूस कमी शिकलेला आणि बहुधा गरीब आहे हे त्याने तोंड उघडण्याआधी जाहीर झाले असते. ज्या देशांत कामगाराचे राहणे-जाणे मालकाच्या हाती असते, तिथे ही माहिती त्याच्या रक्षणाला नव्हे, त्याला घासाघीस करून कमी पगारावर ठेवायलाच उपयोगी पडली असती. दुय्यम नागरिकत्वाचा रंग, अशी टीका झाली. सर्वांत तीव्र प्रतिक्रिया केरळमधून आली. तिथे प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. विरोधी पक्षांनीही आवाज उठवला. महाराष्ट्रात मात्र फारशी चर्चा झाली नाही. कोकणातल्या ज्या घरांना हा रंग लागणार होता, त्यांच्या बाजूने बोलणारा आवाज इथे मोठा झाला नाही, याची खंत वाटते.

३० जानेवारीला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. शेवटचे पान राहिले, वेगळा रंग गेला. जाहीर होण्यापासून मागे घेण्यापर्यंत तीन आठवडेही गेले नाहीत. माघार स्वागतार्ह होती, पण मूळ प्रश्नाला हात न लागताच वाद मिटला : दहावी ही सीमारेषा का? रंगावर भांडण झाले, रेषेवर झाले नाही.

ती रेषा अपुरी आहे हे व्यवस्थेने स्वतःच एकदा नव्हे, दोनदा मान्य केले होते. नर्सच्या भरतीतले मोठे घोटाळे उघड झाल्यावर ३० एप्रिल २०१५ पासून या देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सना, पासपोर्ट ईसीएनआर असला तरी, मंजुरी सक्तीची झाली आणि त्यांची भरती खाजगी एजंटांकडून काढून सरकारी संस्थांकडे दिली गेली. म्हणजे शिक्षणाकडे न बघता पुन्हा कामाकडे बघितले गेले. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याहून मोठे पाऊल उचलले गेले : या अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या ईसीएनआर धारकांनीही निघण्याआधी किमान २४ तास ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी, नाहीतर १ जानेवारी २०१९ पासून विमानतळावरून परत पाठवू. आखातात आधीच नोकरीत असलेल्या शिकलेल्या भारतीयांत गडबड उडाली. सुट्टीवर आलेल्यांचे काय, रोज ये-जा करणाऱ्यांचे काय? महिना संपण्याआधीच ती सक्ती पुढील आदेशापर्यंत थांबवली. शिकलेल्यांची गैरसोय होताच नियम काही दिवसांत थांबतो, हे न शिकलेल्यांनी पाहून ठेवले असेल.

ईसीआरमुळे मिळणारे संरक्षण खोटे नाही, हेही नोंदवले पाहिजे. मंजुरीसाठी कराराची प्रत जमा होते, पगार ठरलेल्या किमान आकड्याखाली असेल तर अडवता येतो, एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि कर यांपेक्षा जास्त घेता येत नाही. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचा विमा मिळतो. तो सक्तीचा असल्यामुळे कितीतरी कुटुंबांना मृत्यूनंतर काही हाती लागले आहे. घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांसाठी वयाची तिशी ओलांडल्याची अट आहे. हे सगळे बारावी झालेल्या सफाई कामगाराला का मिळू नये?

१९८३ च्या कायद्याची जागा घेणारा मसुदा २०२१ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, आणि २०२५ मध्ये पुन्हा नवा. तोवर ज्याला शिक्का काढायचा त्याची वाट ठरलेली आहे. रात्रशाळेतून किंवा बाहेरून बसून दहावी पास व्हायचे, प्रमाणपत्र जोडायचे आणि पासपोर्ट नव्याने काढायचा. शिक्का खोडून मिळत नाही, पुस्तिकाच बदलावी लागते. ज्या मुलांचा पासपोर्ट शाळेत असताना निघाला, त्यांनी अठरा पूर्ण झाल्यावर नूतनीकरणाच्या अर्जाला दहावीचा दाखला आठवणीने जोडावा. लहानपणी वयामुळे मिळालेली सूट मोठेपणी आपोआप चालू राहत नाही.