नव्वदच्या दशकात मराठवाडा काय ऐकत होता

नव्वदच्या दशकातलं गाणं म्हटलं की कुमार सानू, रहमान, अलिशा चिनॉय ही नावं निघतात. ती चुकीची नाहीत. पण परभणी, नांदेड, औरंगाबादच्या वस्त्यांमध्ये त्या वर्षांत कर्ण्यावर जे वाजायचं, ते त्या यादीत क्वचितच दिसतं. मराठवाड्यापुरतं विचाराल, तर त्या दशकाचं गाणं म्हणजे भीमगीत, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरचं, त्यांच्या चळवळीचं गाणं, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात कॅसेटपासून करावी लागते. त्याआधी तबकडी महाग, आणि तिच्यावर कोणी गायचं हे मोजक्या कंपन्या ठरवायच्या. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजनं कॅसेट सामान्यांच्या खिशाला परवडेल अशी केली आणि चित्र पालटलं. टेप सेलवरही चालायचा, म्हणजे लाइट गेली तरी गाणं चालू. कॅसेट काढायलाही फार पैसा लागत नव्हता. ज्या शाहिरांना, देवीची आराधी गाणी गाणाऱ्यांना एरवी कोणी विचारलं नसतं, त्यांचेही आवाज जत्रेतल्या दुकानांत विकायला आले.

१९९०च्या ‘आशिकी’नं नदीम-श्रवणच्या चाली घराघरांत नेल्या. सानूला १९९१पासून सलग ५ वर्षं फिल्मफेअर मिळालं. काळीपिवळीत, पानटपरीवर, लग्नाच्या मांडवात तोच आवाज. जुन्या गाण्यांवर जोरकस ठेका चढवलेल्या ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटी खपायच्या. दुकानदाराला यादी दिली की तो ६० मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा. इंडिपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरचं हिंदी पॉप, केबल असलेल्या घरांतून आलं आणि खेड्यात थोडंच झिरपलं. दलेर मेहंदी तेवढा वरातीत शिरला.

भीमगीताची वाट मात्र फार आधीची. डॉ. आंबेडकरांच्या हयातीतच आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-संवादांतून प्रबोधन करणारे फड, गावोगाव फिरत होते. भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. पुढे वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर वस्त्या-वस्त्यांतून फिरून हजारो गाणी लिहिली, गायली. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वालीचा बाज दिला आणि त्यांची मुलं आनंद व मिलिंद शिंदे यांनी तो कॅसेटच्या बाजारात नेला. या बाजाला मराठवाड्यात कान तयारच होते, असं मला वाटतं. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. खुलताबादच्या उरुसातली कव्वाली ऐकत वाढलेल्या माणसाला पेटी, ढोलक, टाळ्यांचा ठेका आणि दोन पार्ट्यांचा मुकाबला नवा नव्हता.

आणि मग नामांतर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ रोजी केला आणि लगेच दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १९७९मध्ये नामांतराच्या मागणीसाठी लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३मध्ये गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी नांदेडला आत्मदहन केलं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला.

म्हणजे साडेपंधरा वर्षांची वाट. या काळात सभा, मोर्चे, जयंत्या यांना गाण्याची साथ होती. १९९०मध्ये बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं, पाठोपाठ जन्मशताब्दी आली आणि नेमक्या त्याच वेळी कॅसेट स्वस्त झालेली होती. चाल बऱ्याचदा गाजलेल्या सिनेगीताचीच असायची. कोणी याला नक्कल म्हणतं. मला ते पटत नाही. ओळखीची चाल असली की पहिल्याच वेळी अख्खी वस्ती सोबत गायला लागते, आणि गाणाऱ्याला तेच हवं असतं. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर लोटणाऱ्या गर्दीत आजही स्टेजवर गाणी रंगतात.

दशक सरता सरता सीडी आली, मग एमपी३. एका तबकडीत शंभरावर गाणी मावू लागली आणि कॅसेटची दुकानं मोबाइलकडे वळली. कॅसेटीच्या कव्हरवर गायकाचा फोटो मोठा असायचा, लिहिणाऱ्याचं नाव बारीक, कधी नसायचंही. तरी शाहिरानं आपलं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं. वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ येतो, तसं. जुन्या कॅसेटी उतरवून घेणाऱ्यांनी ते शेवटचं कडवं मध्येच कापू नये, एवढी माझी विनंती आहे. पुष्कळांची नावं आता तेवढ्याच जागी उरली आहेत.