सूज बसेल की नाक बसेल?

फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या फोनमध्ये तिच्याच नाकाचे फोटो भरलेत. रोज एक, खिडकीच्या त्याच कोपऱ्यात उभं राहून. नाकाच्या ऑपरेशनला दहा आठवडे होत आले. सकाळी उठल्यावर शेंडा जाड वाटतो, संध्याकाळपर्यंत उतरतो. डॉक्टर सांगतात, सूज बसेल. तिच्या आईला धास्ती, की नाकच बसेल.

ही धास्ती या शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, तुटलेल्या नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, तेवढी कातडी गालावरून उचलायची, नाकावर जोडायची आणि दोन नळ्या घालून श्वासाची वाट मोकळी ठेवायची, असं वर्णन आहे. मला थक्क करते ती पुढची सूचना: नाक कमी पडलं तर पुन्हा वाढवायचा यत्न करावा, मांस फाजील वाढलं तर सारखं करावं. म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची तयारी पहिल्याच्या कृतीतच!

तेव्हा नाक लागायचं ते दिसण्यासाठी नव्हे, कापलं गेलं म्हणून. आपल्या गोव्यातही हे घडलं आहे. 1512 मध्ये बाणस्तारीच्या किल्ल्यात आदिलशाहीचा सरदार रसूलखान शरण आला, तेव्हा त्याला जाऊन मिळालेल्या पोर्तुगीजांना जीवदान द्यायचं ठरलं होतं. पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्कने जीव घेतला नाही; नाक, कान, उजवा हात आणि डावा अंगठा छाटला. त्यातला फेर्नांव लोपिश पुढे सेंट हेलेनाच्या निर्जन बेटावर उतरला आणि उरलेलं आयुष्य बहुतेक तिथेच राहिला. नाक कापणं हा वाक्प्रचार आपल्याला आता नुसता वाक्प्रचार वाटतो, एवढंच.

नाक परत मिळाल्याची गाजलेली हकिकत पुण्याची. इंग्रजी फौजेचा मराठा गाडीवान कावसजी टिपूच्या हाती लागला. नाक आणि एक हात गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने मेणाचा साचा करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी खाली वळवून नाक उभं केलं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या, भोकं आवळू नयेत म्हणून. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हे छापून आलं, आणि ते वाचलेल्या जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये तिथे तशीच शस्त्रक्रिया केली.

त्या गुंडाळ्यांमागे खरं दुखणं होतं. कपाळाच्या कातडीला आतून अस्तर नव्हतं. उघडी बाजू भरून येताना व्रण आकसतो आणि त्याबरोबर नाकही आखडतं. पुढे आतलं अस्तर आणि कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचीक हाडाचा, आधार, दोन्ही घालायला लागले ते याचसाठी.

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बरीच नंतरची. अमेरिकेत जॉन रो यांनी 1887 मध्ये बाहेर व्रण न ठेवता नाकाच्या आतूनच काम केल्याचं लिहिलं. बर्लिनचे जाक जोसेफ 1898 पासून सौंदर्यासाठी नाकाच्या शस्त्रक्रिया करू लागले. मग बराच काळ भर राहिला कमी करण्यावर: उंचवटा तासा, शेंड्याची कूर्चा कापा. नाक सुरुवातीला सुबक दिसायचं. काही वर्षांनी आधार सुटलेल्या ठिकाणी ते चिमटायचं, शेंडा ओघळायचा, श्वासही अडायचा. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस कापण्यापेक्षा टेकू देण्याकडे कल वळला: नाकातल्या मधल्या पडद्याची, कानाची, गरज पडली तर बरगडीची कूर्चा. बरगडीच्या कूर्चेला वाकायची खोड आहे, हा वेगळाच ताप.

म्हणजे आई आणि डॉक्टर, दोघंही खरं बोलतायत. सूज उतरायला वर्ष लागू शकतं, शेंडा सर्वांत शेवटी, आणि जाड कातडीला आणखी वेळ. पण सहा महिन्यांनी, वर्षाने आधार ढळला तर ती सूज नव्हे. दहा आठवड्यांत यातलं काहीच ठरत नाही.

सध्या भाचीचा चष्मा चिकटपट्टीने कपाळाला टांगलेला आहे, नाकावर भार नको म्हणून. चवथीला चापाची नथ तरी चालेल का, असं आईने दोनदा विचारून पाहिलं. यंदा नथ डबीतच राहणार आहे.