खारपाणपट्टा : जमीन आणि पाण्याची सुधारणा

अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला, खाऱ्या भूजलाचा आणि चोपण (सोडियम वाढल्याने निचरा बिघडलेल्या) काळ्या जमिनीचा प्रदेश. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांची बरीच गावे यात मोडतात. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांबरोबर या पट्ट्यातील ९०० हून अधिक गावे घेतली गेली.

पश्चिम महाराष्ट्रातील चोपण रानांचा दोष बहुतेक कालव्याच्या अति पाण्यावर आणि उसावर जातो. पूर्णाकाठी कालवा यायच्या आधीपासून जमीन अशी आहे. कोरड्या हवामानात जमिनीतील कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपात साकळत जाते आणि मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम चिकटलेले चिकणमातीचे कण पाण्यात एकमेकांपासून सुटतात आणि जमिनीतील बारीक पोकळ्या बुजवतात. वावरातले एक ढेकूळ काचेच्या पेल्यातील पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवले, तर काही तासांत त्याच्याभोवती दुधट गढूळ वलय धरते. चांगल्या जमिनीचे ढेकूळ फुटले तरी वरचे पाणी निवळ राहते. पावसाळ्यात अशा शेतात गढूळ पाणी साचून राहते, वाफसा लवकर येत नाही, आणि वाळल्यावर वखर लागत नाही इतकी जमीन टणक होते.

पुस्तकी व्याख्येप्रमाणे सामू ८.५ च्या वर, विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर जमीन चोपण. फुगणाऱ्या काळ्या मातीला ही मर्यादा फार सैल पडते. तिची घडण सोडियम ५ टक्क्यांच्या आसपास असतानाच बिघडू लागते. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात ‘चोपण नाही’ असा शेरा असला तरी निचरा बंद पडलेला असू शकतो.

विहिरीच्या पाण्याचा घात उशिरा कळतो. रब्बीत खारे पाणी दिले तेव्हा त्यातील क्षारांमुळेच मातीचे कण धरून राहतात आणि पाणी मुरतेही. पुढच्या पावसाळ्यात क्षार धुऊन जातात, सोडियम मात्र कणांवर टिकून राहतो, आणि गोड्या पाण्यात जमीन फुटते. म्हणून पाण्याला हात न लावता नुसती जमीन सुधारणे म्हणजे खर्च वाया घालवणे.

सुधारणेचे मुख्य द्रव्य जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि तयार झालेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जाते. १०० ग्रॅम मातीतून एक मिलिइक्विव्हॅलंट (अशा अदलाबदलीत द्रव्ये मोजायचे एकक) सोडियम काढायला वरच्या १५ सेंटिमीटर थरासाठी हेक्टरी सुमारे दोन टन शुद्ध जिप्सम लागते. कणांची विनिमय क्षमता, म्हणजे सोडियम-कॅल्शियमसारखी द्रव्ये धरून ठेवण्याची ताकद, १०० ग्रॅममागे ५० मिलिइक्विव्हॅलंट धरली आणि सोडियम १२ वरून ५ टक्क्यांवर आणायचा म्हटले, तर हिशेब जवळजवळ सात टनांवर जातो. कोरडवाहू कापूस-तुरीच्या शेतकऱ्याला हा खर्च एका वर्षात झेपत नाही. मात्रा हप्त्यांनी देणेच व्यवहार्य. जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर पसरून वरच्या थरात मिसळावे, खोल नांगरून गाडू नये. आणि चर आधी काढावेत. सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट नसेल, तर तो तिथेच राहतो.

जमिनीत चुनखडी मुबलक असल्याने गंधकही चालते. जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि ते चुनखडीतील कॅल्शियम मोकळे करते. वेळ मात्र लागतो. शेणखत आणि फुलोऱ्याच्या सुमारास गाडलेला धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) याच कामाला मदत करतात. धैंचा चोपण जमिनीत तग धरतो, हा त्याचा मोठा गुण. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने (स्थापना १९६९) उत्तरेत जिप्समनंतर पहिले पीक भाताचे घेण्याची जी पद्धत रुजवली, ती पूर्णाकाठी जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे भाताला पुरेल इतके गोडे पाणीच नाही.

पाण्याबाबत पाहायची गोष्ट म्हणजे शेष सोडियम कार्बोनेट, अर्थात पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेले कार्बोनेट आणि बायकार्बोनेट : लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत सुरक्षित, २.५ च्या वर अयोग्य. त्यातले लिटरमागचे प्रत्येक मिलिइक्विव्हॅलंट मारायला हजार घनमीटर पाण्यामागे सुमारे ८६ किलो शुद्ध जिप्सम लागते. जिप्समच्या ढेकळांनी भरलेल्या हौदातून पाणी काढले की हे काम आपोआप होते. पण पाणी मिठाने, म्हणजे क्लोराइडने खारे असेल तर जिप्सम त्याला गोडे करीत नाही. विक्रेते हा फरक सांगत नाहीत.

पाणी असे मिठाने खारे असेल तिथे पावसाचे पाणी साठवण्याला पर्याय नाही. पाणी मुरू न देणारी हीच माती शेततळ्याला उपयोगी पडते. बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिक अस्तराशिवाय पाणी टिकते. तळे फार खोल खणले तर खारे भूजल आत शिरण्याचा धोका असतो. साठलेले गोडे पाणी तुषार सिंचनाने हरभऱ्याला एक-दोनदा देतात. कापूस आणि गहू सोडियम बऱ्यापैकी सोसतात. मूग, उडीद आणि खुद्द हरभरा नाजूक. तरी ओल धरणाऱ्या या जमिनीत रब्बीला हरभराच पेरला जातो.