सुडोमधील सुरक्षा-त्रुटी (२०२१) आणि तिची दुरुस्ती

सुडो ही युनिक्स घराण्यातल्या संगणक-प्रणालींमधली एक छोटी आज्ञा आहे. साध्या वापरकर्त्याला ठरावीक कामापुरते रूटचे, म्हणजे यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार देणे हे तिचे काम. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ती प्रथम लिहिली. पुढे तिची देखभाल टॉड मिलर यांच्याकडे आली. नाशिकमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या लिनक्स लॅबमध्ये किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यातल्या सर्व्हरवर काम करणाऱ्याच्या बोटांना ती इतकी सवयीची असते की तिच्याकडे वेगळे लक्षही जात नाही.

लक्ष द्यायला हवे ते तिच्या एका गुणधर्माकडे. सुडो कोणीही चालवली तरी ती स्वतः रूटच्याच अधिकाराने सुरू होते आणि समोरच्याला परवानगी आहे की नाही, हे त्यानंतर ठरवते. वाड्याच्या दारावरच्या रखवालदाराच्या कमरेलाच सगळ्या किल्ल्या असाव्यात, तसे हे आहे. रखवालदाराला चकवले की वाडा आपला.

क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२१ मध्ये नेमका असा चकवा दाखवला आणि त्याला ‘बॅरन सॅमेडिट’ असे नाव दिले. जुलै २०११ मधल्या एका बदलात शिरलेली ही चूक जवळजवळ दहा वर्षे कोणाच्या नजरेस पडली नव्हती. यंत्रावर साधे खाते असलेला कोणीही, पासवर्ड न देता आणि सुडोच्या परवानगी-यादीत नाव नसतानाही, तिच्या आधारे रूट होऊ शकत होता.

चूक समजायला द्राक्षांच्या पॅकहाउसचे उदाहरण सोयीचे पडते. एकाने माल मोजून तेवढ्याच मापाची पेटी काढायची, दुसऱ्याने ती भरायची. एका बागाइतदाराचा माल संपला की तिथे चिठ्ठी ठेवलेली असते. मोजणारा चिठ्ठीपाशी थांबतो. भरणाऱ्याला मात्र एक जादा सूचना आहे : ‘वाटेत उलटी तिरकी रेघ (\) दिसली तर ती सोडून पुढची वस्तू उचल.’ मालाच्या अगदी शेवटी अशी रेघ आली, तर भरणारा तिच्यापुढची चिठ्ठीच वस्तू समजून उचलतो आणि शेजारच्या बागाइतदाराचा माल त्याच पेटीत भरत राहतो. पेटी भरून वाहते. सुडोमध्ये चिठ्ठीच्या जागी मजकुराचा शेवट दाखवणारा शून्य बाइट असतो, आणि वाहून गेलेला मजकूर शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो. तो काय असावा, हे हल्लेखोराला ठरवता येत होते.

एरवी हे घडत नसे, कारण मजकूर आत घेतानाच सुडो प्रत्येक उलट्या रेघेला आणखी एका रेघेची जोड देते. पण ‘सुडोएडिट’ या नावाने (फाइल संपादनासाठीचे सुडोचेच दुसरे नाव) हाक मारून ‘एस’ हा पर्याय (आज्ञेपुढे लिहायचे -s) दिला, तर जोड देणारा भाग वगळला जाई आणि रेघा सोडणारा भाग तेवढा चालू राही. एकाच कामाचे दोन भाग, आणि दोघांच्या अटी वेगळ्या : त्रुटीचे मूळ हे आहे.

म्हणून १.९.५पी२ या आवृत्तीतली दुरुस्ती एका ओळीवर थांबली नाही. सुडोएडिटला तो पर्याय स्वीकारण्यास मनाई केली, दोन्ही भागांच्या अटी जुळवल्या, आणि भरताना शेवटाच्या पलीकडे जाता येणार नाही असा पहारा बसवला. यातला कोणताही एक उपाय त्या दिवसापुरता पुरला असता. तिन्ही केले, हेच चांगल्या कारागिराचे लक्षण आहे.

मिलर यांना १३ जानेवारीला कळवण्यात आले, लिनक्सच्या वितरकांना (ही प्रणाली तयार संचाच्या रूपात पुरवणाऱ्यांना) १९ तारखेला, आणि २६ जानेवारीला सर्वांनी एकाच वेळी जाहीर करायचे ठरले. ती वेळ भारतात रात्री साडेअकराची होती, तीही प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीची. नाशिकमध्ये कारखान्याचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या हाती पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, पडला तो बुधवारी सकाळी. ‘पॅच मारायचा म्हणजे मशीन बंद’ ही भीती इथे गैरलागू होती : सुडो सतत चालणारी सेवा नाही, प्रत्येक हाकेला नव्याने सुरू होते. नवी प्रत बसली की पुढच्या हाकेपासून दुरुस्ती लागू, पाळी थांबवायची गरज नाही.

खरी फसगत आवृत्तीच्या क्रमांकाने होते. उबुंटू २०.०४ या लिनक्स-संचामध्ये दुरुस्तीनंतरही सुडोचा मूळ क्रमांक १.८.३१ च राहिला, कारण वितरक जुन्याच आवृत्तीत फक्त दुरुस्ती आणून बसवतात. त्यामुळे क्रमांक पाहून घाबरणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चूक. पडताळणी अशी : साध्या खात्यातून सुडोएडिटला ‘एस’ पर्याय आणि पुढे एक साधी तिरकी रेघ (/) द्यावी. उत्तराची सुरुवात ‘सुडोएडिट’ या शब्दाने झाली तर छिद्र उघडे आहे. ‘यूसेज’ने झाली तर बुजलेले.

कॉलेजच्या लॅबना हा धोका सर्वांत जवळचा, कारण तिथे प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते असते. त्या जानेवारीत कोरोनामुळे कित्येक लॅब बंद होत्या. प्रस्तुत नोंदकाराने नंतर गंगापूर रोड परिसरातल्या अशा एका लॅबमध्ये लॅब असिस्टंटबरोबर ओळीने यंत्रे चालू करून पाहिली. सगळ्यांवर ‘सुडोएडिट’च उमटले. दुपारपर्यंत पॅच टाकून झाले, प्रत्येक यंत्राच्या क्रमांकापुढे वहीत ‘यूसेज’ लिहून झाले. आठवड्याने एक बिघडलेले यंत्र जुन्या मास्टर इमेजवरून (सगळ्या यंत्रांसाठी जपून ठेवलेल्या मूळ प्रतीवरून) पुन्हा उभे केले, तेव्हा पडद्यावर परत ‘सुडोएडिट’ आले. त्या दिवशी आधी मास्टर इमेज दुरुस्त केली, आणि मग ते यंत्र.